कागदावर दोन, डब्यात तीन

सोम., २ जाने. ५६

हॉस्पिटलातून घरी आले तर आई टेबलाशी बसलेली. पुढे विमानाचं निळं पत्र, न फोडलेलं. परातीत कणीक तशीच, वर पापुद्रा धरलेला. "तू वाच," म्हणाली. "माझा डोळा नाही चालत." आईचे डोळे उत्तम चालतात.

पत्र हान्नाचं. ग्रेटेमावशीची मुलगी. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. बर्लिनला आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहायची. लढाई संपल्यापासून आईने तिला किती पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आज दहा वर्षांनी हे.

सगळ्या मिळून आठ ओळी. नर्स झालीय. ऑस्ट्रेलियाला कायमची चाललीय. बोट १९ तारखेला सकाळी मुंबईला लागेल, संध्याकाळी सुटेल. "यावंसं वाटलं तर धक्क्यावर या. नाही आलात तरी मी समजेन."

शेवटचं वाक्य आईने पुन्हा वाचायला लावलं. माझं जर्मन आठ वर्षांच्या पोरीचं राहिलंय, म्हणून मलाही वाटलं की आपण चुकतोय. चुकत नव्हते.

बाबा गिरणीतून आले. पत्र पाहिलं, टोपी खुंटीला लावली, पाय धुवायला मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू.

बुध., ४

घरात कुणीही त्या पत्राचं नाव काढत नाही. ते रेडिओखाली ठेवलंय. येता-जाता तिघंही तिकडे बघतो. माझा धाकटा भाऊ अरुण बघत नाही. त्याचं सगळं लक्ष संयुक्त महाराष्ट्रात. आज पुन्हा सभेला, घसा बसवून आला.

हॉ.च्या प्रयोगशाळेत दोन स्लाइड्स फोडल्या. डॉ. साठ्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

शुक्र., ६

एकदाचं लिहूनच काढते. नाहीतर डोकं फुटेल.

बाबा बर्लिनला रंगांचं रसायन शिकायला गेले. तिथेच नोकरी, तिथेच आईशी लग्न. आई ज्यू. मी झाले, अरुण झाला. मग दिवस फिरले. आईच्या वडिलांचं दुकान फोडलं, बाबांची नोकरी गेली, मला वर्गात मागे एकटीला बसवायला लागले. ३८ च्या थंडीत निघायचं ठरलं. बाबांचा पासपोर्ट हिंदुस्थानचा, त्यावर बायको आणि दोन मुलं.

ग्रेटेमावशीचा नवरा ख्रिश्चन. तो तिला सोडून वेगळा झालेला. हान्नाला देशाबाहेर न्यायचं तर त्याची सही हवी, आणि तो देईना. मावशीने हान्नाला आमच्याबरोबर गाडीत बसवून दिलं. पोरांच्या गोंधळात कोण मोजत बसतंय, असं सगळ्यांना वाटलं.

इटलीच्या सरहद्दीवर मोजलं. कागदावर दोन, डब्यात तीन. ओल्या रेनकोटातला अधिकारी माझ्यासमोर वाकला. "ही तुझी बहीण का?" मी म्हटलं, "नाही. मावशीची मुलगी."

हान्नाला उतरवलं. फलाटावर एका बाईने तिचा हात धरला. गाडी सुटली.

मावशीला ४२ साली नेलं. परत आली नाही. हान्ना बापाच्या आईकडे खेड्यात राहिली, म्हणून वाचली. लढाईनंतर एवढं कळलं, त्यापुढे काही नाही.

माझ्या उत्तराबद्दल मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. घरातही कुणी कधी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, माझ्यावर दया म्हणून.

रवि., ८

जेवताना आई एकदम म्हणाली, "जायचं. सगळे." बाबा ताटात बघत म्हणाले, "तुम्ही जा. मी नको." आई म्हणाली, "तुम्हीच पाहिजे." मग भात वाढला, नको एवढा.

अरुण म्हणाला, "आणि जाऊन करायचं काय? माफी मागायची? मी चार वर्षांचा होतो. मला बोटीवरची संत्री आठवतात, बस. आपण इथले. आपली लढाई इथे चाललीय."

"तुझी लढाई," आई म्हणाली. पुढचे शब्द मराठीत सापडेनात. हात हलवून सोडून दिलं.

गुरु., १२

मोरीचं दार लोटलेलं, आतून आईचा आवाज. जर्मन! "बस, हान्ना. दमली असशील. बघू दे तुला." परत तेच, थोडं बदलून. परत.

या घरात आईने जर्मन कधी काढलं नाही. लढाईच्या दिवसांत शेजारच्यांना उगाच संशय नको म्हणून बंद केलं, असं आम्हाला सांगितलेलं. मग तिने मराठीच धरलं, ते असं की मांजरालाही 'अहो, बाजूला व्हा' म्हणते. शेजारच्या रेगेकाकू अजून हसतात. पण लढाई संपून दहा वर्षं झाली. नंतर का नाही बोलली?

मी दारातून बाजूला झाले. कळलं तर लाजेल.

रवि., १५

काल संक्रांत झाली. शेजारी तिळगूळ वाटून आले. सगळीकडे एकच चर्चा, मुंबईचं काय होणार.

दुपारी बाबा झोपले होते. आई नि मी गॅलरीत वाल सोलत होतो. धीर करून विचारलं, "आई, हान्ना मला ओळखेल का? तिला उतरवलं ते माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसा?"

सांगितलं. रेनकोट, प्रश्न, माझं उत्तर. आईचे हात थांबले.

"सुमन, तू झोपलेली होतीस. माझ्या मांडीवर. तुला कुणी काही विचारला नाही. त्याने बाबांना विचारलं. 'ही तुमची मुलगी?' बाबा म्हणाले, नाही."

मी म्हटलं, मला तो कोट आठवतो, त्याचा वास आठवतो. "कोट होता. पण तू डोळा उघडला तेव्हा हान्ना खाली होती."

"बाबांनी का...?"

"अरुणला ताप. दोन दिवसांनी बोट. घाबरले." मग पुढचा वाल घेत म्हणाली, "मी पण घाबरली. पण मी नाही बोलली असती 'नाही'."

सतरा वर्षं मी जे माझं समजून वागवलं, ते माझं नव्हतंच म्हणे. मोकळं वाटायला हवं. नाही वाटत. उलट पायाखाली काहीच नाही असं.

रात्रीचं जेवण बाबांना वाढताना मान वर करवेना.

सोम., १६

संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं. मुंबई महाराष्ट्रात नाही. केंद्राच्या ताब्यात. खाली रस्त्यावर लोक घरातून असे बाहेर आले जसं कुणी गेलंय. अरुण चपला न घालता धावला. आईने चपला वरून खाली टाकल्या. त्याने पाहिल्या नाहीत.

मंगळ., १७

दादर बंद. ट्रॅम नाही, बस नाही. परळपर्यंत चालत गेले. लालबागच्या बाजूने आवाज येत होते. हॉ.त माणसं आणत होते, हातगाडीवरून, खांद्यावरून. दिवसभर रक्तगट तपासले. बोटं सुन्न.

घरी आले तर अरुणला पकडलंय. आई ठाण्यावर जाऊन बसलेली. हवालदार म्हणाला, "मेमसाब, आपका यहाँ क्या काम?" आई म्हणाली, "मेमसाब नाही. मी त्याचा आई." तिला बाकावर बसू दिलं. अरुणच्या डोक्याला खोक आहे, बाकी ठीक. सोडत नाहीत.

कर्फ्यू लागलाय.

बुध., १८

उद्या बोट.

सकाळी दोन तास कर्फ्यू उठला. बाबा कोट घालून तयार. "चल, कर्फ्यूचा पास काढू." मी चकित. नको म्हणणारे तेच. पोलीस कचेरीत रांग जिन्यापर्यंत. बहुतेक आजाऱ्यांचे नातेवाईक, दूधवाले, दोन लग्नघरचे. फॉर्म बाबांनीच भरला, गिरणीत रंगांची कृती लिहितात तशा अक्षरात. मी खांद्यावरून पाहिलं. कारण: बोटीवर भेट. नाव: हान्ना. नातं:

तिथे थांबले. मग लिहिलं, 'मुलगी'.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

टेबलामागचा इन्स्पेक्टर भला होता. डोळे लाल, तीन दिवस झोप नसावी. "आजोबा, बोटीवर भेटायला पास नाही देता येत. मयत असेल, बाळंतपण असेल तर बोला." बाबा म्हणाले, "एकच दिवस आहे हो." "माझ्या हातात नाही." बाबांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली. घरी आल्यावर आईला फक्त "नाही मिळाला."

आई तशीही जाणार नव्हती. अरुणला उद्या कोर्टापुढे उभा करतील म्हणतात, ती ठाणं सोडायला तयार नाही, त्याचा डबा न्यायला तेवढी घरी आलेली. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, "तुझ्याकडे हॉस्पिटलचा पास आहे. तू जा. कसा पण जा."

पास परळपुरता आहे.

शुक्र., २०

काल लिहायला बसले होते, जमलं नाही. आज प्रयोगशाळेत, सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत लिहितेय. काल जे जसं झालं ते तसंच लिहायचं.

डॉ. साठ्यांना सगळं सांगितलं. फारसे प्रश्न न विचारता म्हणाले, "फोर्टातल्या हॉस्पिटलला रक्ताच्या बाटल्या जायच्या आहेत, अकराला गाडी निघेल. सोबत कुणीतरी टेक्निशियन लागतोच." मग नेहमीसारखे कामाला लागले.

गाडीवर तुकाराम ड्रायव्हर. लालबागचा, मूळचा मालवणकडचा. "भिया नको बाय. खिडकीपासून लांब बस." रस्ते ओळखू येईनात. विटा, काचा, जळका टायर. भायखळ्याच्या पुढे एक माणूस नाही, नुसते बंदुका घेतलेले सोजिर आणि बंद दुकानं. बाटल्या दिल्या, सह्या झाल्या. तुकारामला म्हटलं, धक्का इथून किती? तो म्हणाला, "बस गप. अर्ध्या तासाची गोष्ट."

धक्क्याच्या फाटकावर शिपाई. पास पाहिला. "हा तर हॉस्पिटलचा." तुकाराम सरळ म्हणाला, "बोटीवर पेशंट आहे, रक्त तपासायचंय." शिपायाने माझ्याकडे पाहिलं. "खरं का बाई?" मी म्हटलं, "हो." इतकं पटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं.

प्रवाशांना शहरात सोडत नव्हते. शेडमध्ये बाकांवर माणसं बसलेली, पंखे बंद. मी तिला शोधत होते आणि ती माझ्यासमोर उभी होती. बुटकी. केस अगदी कापलेले. हात रुंद, लाल, साबणाने सोललेले नर्सचे हात. मी साडीत. तिने मला कपाळापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "सुझी?" माझं बर्लिनचं नाव. मी बोलायला लागले तशी ती हसली. "तू अजून आठ वर्षांचीच आहेस." माझं जर्मन! शब्दच नाहीत माझ्याकडे मोठ्या माणसांचे. 'दंगल' कशी सांगायची, 'अटक' कशी सांगायची? म्हटलं, लोक फार रागावलेत, अरुणला पोलिसांनी ठेवून घेतलंय, आई त्याच्यापाशी बसलीय.

"आणि तो?" बाबांचं नाव घेतलं नाही.

"पास नाही मिळाला."

"म्हणजे कागद." ती मोठ्याने हसली. मग हसू गेलं. चेहरा थकलेला, पंचवीसचा नाही वाटला.

मला वेळ नव्हता. तुकाराम बाहेर हॉर्न देईल. म्हणून सरळ म्हटलं. मला वाटायचं तुला मी उतरवलं. मी खरं सांगितलं त्या माणसाला, म्हणून. आई म्हणते मी झोपले होते, बाबांनी सांगितलं. तू सांग.

ती एक पाऊल जवळ आली.

"कुणीच नाही," म्हणाली. "मी सांगितलं. त्याने तुझ्या वडिलांना विचारलं, ते गप्प बसले. खूप वेळ गप्प. मी म्हटलं, मी यांची नाही. मला घरी जायचंय, माझ्या आईकडे. मला कंटाळा आला होता, आणि तुझा भाऊ सारखा खोकत होता."

"खरं?"

तिने माझा हात घेतला, उलटा करून पाहिला, पेशंटची नाडी बघावी तसा. "मी नर्स आहे, सुझी. दिवसभर माणसांना बरं वाटेल असंच बोलते. पण हे खरं आहे."

आता याचं काय करू?

मग उत्तरं का नाही दिली दहा वर्षं, विचारलं. म्हणाली, "तुझ्या आईचं अक्षर माझ्या आईसारखं आहे. पाकीट फोडवायचं नाही." फोडलेली नाहीत, पण टाकलीही नाहीत. पेटीत आहेत सगळी, बोटीवर. आणि मग, विचारायलाच नको होतं अशा आवाजात, "तुमच्याकडे माझ्या आईचा फोटो असेल का? माझ्याकडे एकही नाही. आजीने जाळले, तेव्हा घरात ठेवणं धोक्याचं होतं."

आहे. आईच्या ट्रंकेत. दोघी बहिणी बागेतल्या बाकावर, आखूड केस, हसताना. मला सुचलंच नव्हतं! हात हलवत गेले मी तिच्याकडे. जाताना निदान फुलं न्यावीत, तीही दादरला बंद.

पाठवते म्हटलं. तिने मेलबर्नचा पत्ता लिहून दिला. हॉर्न वाजला. तिने मला घट्ट धरलं. अंगाला जंतुनाशकाचा वास, आमच्या हॉ.सारखाच.

फाटकातून मागे पाहिलं तर ती बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. रडत नव्हती.

रवि., २२

कर्फ्यू थोडा सैल. अरुण घरी, जामिनावर. डोक्याला पट्टी, चार टाके. शेजारी बघायला येतात, त्याला आवडतं. आज म्हणाला, "कशी होती?" एवढंच. मी म्हटलं, बुटकी. तो हसला, मग एकदम म्हणाला, "मी तेव्हा खोकत होतो ना गं?" त्याला हे कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही, उगाच विचारलं.

आईला फोटोचं सांगितलं. पेटीतल्या पत्रांचं सांगितलं. आई ट्रंकेपाशी गेली आणि तिथेच जमिनीवर बसली. "माझ्याकडे हा एकच आहे, सुमन." मी म्हटलं, स्टुडिओत कॉपी काढून घेऊ. हो म्हणाली, पण हातातून सोडेना.

"अजून काय बोलली?"

"थकली होती."

"सुमन."

"आई, मला जर्मन नीट येत नाही."

तिने सोडून दिलं. पण बाबा पेपर धरून बसले होते, आणि पान उलटत नव्हते.

बुध., २५

झोप नाही. कामात चुका.

हान्नाचं खरं धरलं तर बाबा गप्प राहिले. 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. आई सतरा वर्षं त्यांच्यावर ज्या शब्दाचा राग धरून आहे तो शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. आईचं खरं धरलं तर हान्नाने मला धक्क्यावर बरं वाटायचं औषध पाजलं. आणि माझा तो रेनकोट? तो वास कुठून आला?

यातलं खरं काय ते एकाच माणसाला पक्कं ठाऊक, बाबांना. आणि त्यांना मी हान्नाचं बोलणं सांगितलं, आणि ते खोटं निघालं, तर त्यांना लगेच कळणार की ती पोर त्यांच्यासाठी खोटं बोलली. ते त्यांना सोसेल?

न सांगितलं तर? समजा ते खरंच गप्प होते. मग एवढी वर्षं त्यांनी आईला तसं म्हटलं का नाही?

शुक्र., २७

स्टुडिओ उघडला. कॉपी जरा मोठी काढली, छान आलीय. मूळ फोटोत न दिसणारा मावशीच्या हातातला पिशवीचा बंद कॉपीत दिसतो. आई भिंगातून बघत बसली. शेवटी म्हणाली, "मूळ तिला पाठव. कॉपी मला ठेव." विचार करून बोल म्हटलं. "केला."

रवि., २९

आईचं पत्र चार पानं झालं. जर्मनमध्ये. सकाळी टेबलावर, सगळ्यांसमोर लिहिलं. शब्द अडला की मोठ्याने पुटपुटते. अरुण म्हणाला, "आई, हे काय बोलतेस?" आई म्हणाली, "माझा भाषा."

पाकीट चिकटवायला घेतलं तर बाबा उठून आले. "खाली दोन ओळींची जागा आहे का?" आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग शेवटचं पान सरकवलं, खुर्ची सोडली, आत गेली.

बाबा बसले. पेन उघडलं. कागदावर टेकवलं नाही.

"सुमन, तिने त्या दिवसाबद्दल काय सांगितलं? शब्दशः सांग. मग लिहितो."

भांडी वाजायची थांबली. आई आत ऐकतेय.

मी म्हटलं, "बाबा, एवढं लिहून होऊ दे, मग सांगते." आणि ही वही पुढे ओढली.

"लिही," म्हणाले. "मी थांबतो."

समोर बसलेत. शाई सुकू नये म्हणून टोपण लावलं, पुन्हा काढलं. माझी ही ओळ संपायची वाट बघतायत.